ग्रॅहमचं ‘आकुंचन’ बसवताना नुसती कुबडच येते, काय चुकतंय?

चिपळूणचा_हौशी
एकांकिकेत, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई आहे. सात मिनिटं शब्द नाहीत. अमेरिकन आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहमच्या ‘लॅमेंटेशन’ या नृत्यावरून (१९३०) सुचलंय: बाकावर बसलेली बाई, ताणणाऱ्या कापडाच्या नळीत. दोन अडचणी आहेत. पोटातून आकुंचन (ग्रॅहमच्या तंत्रातली श्वास सोडत पोट आत घ्यायची हालचाल) सांगितलं की पोरगी खांदे पाडते. आणि नळीची शिवण तालमीतच उसवली.

जमिनीवर_बसा
हालचाल खांद्यांपासून सुरू होते म्हणून कुबड दिसते. तिला जमिनीवर बसवा, पायांचे तळवे एकमेकांना लावून. श्वास सोडताना आधी ओटीपोट आत, मग माकडहाड पुढे वळतं आणि कंबर मागे गोल होते. खांदे मात्र नितंबांच्या वरच राहायला हवेत. मान सगळ्यात शेवटी. श्वास घेताना उलट: मणका खालून वर उभा होतो, डोकं शेवटी. भिंतीला पाठ टेकवून करून बघा. कंबर भिंतीला चिकटली आणि खांदे सुटले नाहीत तर जमलं. श्वास कोंडला की मान आखडते, मग नुसता आव दिसतो, वेदना नाही.

आणि सात मिनिटं? मूळ रचना जेमतेम चार मिनिटांची आहे. ओढू नका.

सुई_दोरा_रत्नागिरी
साध्या सरळ टाक्याने शिवलं असणार. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, तुटणारच. ओव्हरलॉक किंवा नागमोडी टाका, गोल टोकाची सुई. दीडशे सेंमी पन्ह्याचं दोन ते सव्वादोन मीटर पुरेल, पण ताण आडवा यायला हवा, म्हणजे गुडघे फाकले की कोन उठतात. दहा सेंमीचा तुकडा ओढा. पंधरापर्यंत जाऊन परत जागेवर आला तरच घ्या. सुती होजिअरी टाळा. आपल्याकडच्या घामट हवेत ती ओली होऊन लोंबते. लायक्रा मिसळलेलं जर्सी कापड बरं. बाक जड हवा, बिनपाठीचा. नळीत पाय अडकले तर हलका स्टूल उलटेल.

चिपळूणचा_हौशी
बाकीचे चौघे जाखडी (आपलं कोकणातलं लोकनृत्य) नाचणारे आहेत. मागे त्यांना उभं करू?

नमन_खेळे
करा, पण नुसते उभे. जाखडीचा जोर पावलात आणि घुंगरांच्या चाळात. ग्रॅहमचा पोटात, श्वासात. हे दोन ताल एकदम आले की बाईकडे कोणी बघणार नाही. फार तर शेवटी एकच ठेका, चाळ काढून.

ग्रॅहमकडून घ्यायचं तर हेच घ्या: आतली कळ आधी, आकार मग. मर्स कनिंगहॅम आणि पॉल टेलर हे नृत्यकार तिच्याच कंपनीत नाचले, पण दोघांनी तिची नक्कल केली नाही. तुम्हीही जांभळी नळी जशीच्या तशी उचलू नका. कोळणीचं लुगडं आहे ना? काष्टा ताणूनही कोन निघतात.

सुई_दोरा_रत्नागिरी
निघतात, पण सुती लुगडं ताणत नाही हे लक्षात ठेवा. काष्ट्याला आतून जर्सीची पट्टी जोडावी लागेल.