कॅट ६ सर्टिफिकेशन : तारांकित ‘पास’ आणि मर्यादेखाली उतरलेला रिटर्न लॉस

प्रश्न :
एका कॅट ६ (नेटवर्क केबलचा एक दर्जा) परमनंट लिंकच्या, म्हणजे भिंतीतील कायमची केबल व तिच्या दोन्ही टोकांचे जॅक यांच्या, चाचणी अहवालातील दोन नोंदींचा अर्थ नीट लागत नाही. लांबी २४ मीटर आहे. ३६-४५ (तारा ३-६ आणि ४-५) या जोड्यांमधील नेक्स्टचे (एका जोडीतून दुसरीत त्याच टोकाला गळणाऱ्या संकेताचे माप) मार्जिन, म्हणजे मर्यादेपासूनचे अंतर, एका टोकाकडून २१० मेगाहर्ट्झला केवळ ०.४ डेसिबल येते आणि निकालापुढे तारांकन दिसते. दुसऱ्या टोकाकडून मात्र ते ५ डेसिबलच्या वर आहे. शिवाय १२ मेगाहर्ट्झच्या आसपास रिटर्न लॉसचा (परावर्तित होऊन परतणाऱ्या संकेताचे माप) आलेख मर्यादेखाली उतरलेला असूनही टेस्टर ‘पास’ दाखवतो. आयएसओ ११८०१ या केबलिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा निवडली होती. ही लिंक सुपूर्द करावी का?

उत्तर १ :
रिटर्न लॉसची चिंता करू नये. ज्या फ्रीक्वेन्सीला इन्सर्शन लॉस (केबलमधून जाताना संकेतात होणारी घट) ३ डेसिबलपेक्षा कमी असतो, तेथील रिटर्न लॉस या मानकानुसार केवळ माहितीसाठी असतो, आणि २४ मीटरच्या केबलमध्ये १२ मेगाहर्ट्झला इन्सर्शन लॉस ३ डेसिबलच्या बराच खाली राहतो.

नेक्स्टकडे मात्र गांभीर्याने पाहावे. तारांकनाचा अर्थ असा, की मार्जिन टेस्टरच्या स्वतःच्या अचूकतेपेक्षाही कमी आहे. नेक्स्ट ज्या टोकाला मोजतो, त्या टोकाजवळचाच दोष ठळक दिसतो, कारण दूरच्या दोषाचा संकेत जाता-येता केबलमध्येच क्षीण होतो. त्यामुळे कमी मार्जिन दाखवणाऱ्या टोकाचा जॅक आधी उघडावा. आरजे ४५ च्या रचनेत ३ आणि ६ या तारा ४-५ च्या दोन बाजूंना येतात, म्हणून पंचिंगमधील (तारा जॅकमध्ये दाबून बसवण्यातील) ढिलाई प्रथम याच जोड्यांत उमटते. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडलेला नसावा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. जॅक उघडला असता ४-५ चा पीळ थेट बाहेरच्या आवरणापर्यंत सुटलेला आढळला. नव्याने पंच केल्यावर तारांकन गेले. सहकाऱ्याने मात्र आधी चॅनलची मर्यादा निवडून मोजण्याचे सुचवले होते.

उत्तर २ :
तसे केले नाही, हे उत्तम झाले. चॅनलमध्ये दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणे जोडणाऱ्या सुट्या केबल) गृहीत धरलेल्या असल्याने तिची मर्यादा सैल असते. परमनंट लिंक त्या मर्यादेवर तपासली, तर सदोष जॅकही सहज ‘पास’ होतो आणि दोष भिंतीत तसाच राहतो. अहवाल स्वीकारताना मी मार्जिनच्याही आधी निवडलेल्या मर्यादेचे नाव वाचतो.