थंडरस्क्रीच कशानं बोंबललं: पंख्यानं की गिअरबॉक्सनं?

उद्यमनगरचा लेथवाला
एक्सएफ-८४एच ऊर्फ थंडरस्क्रीचला 'सगळ्यात कर्कश विमान' म्हणून लोक हसतात आणि सोडून देतात. १९५५ चं अमेरिकन विमान. एफ-८४एफ जेटच्या सांगाड्यात टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिन) बसवलेलं. इंजिन कॉकपिटच्या मागं, तिथनं लांबलचक शाफ्ट नाकापर्यंत, पुढं १२ फुटी पंखा, म्हणजे प्रोपेलर.

माझ्या मते खरा गुन्हेगार टी-४० इंजिन. नावाला एक, पण आत दोन टी-३८ शेजारी शेजारी, आणि दोघांची मिळून ५,८५० हॉर्सपॉवर एकाच गिअरबॉक्समध्ये. हेच इंजिन डग्लस कंपनीच्या स्कायशार्क विमानावर होतं. डिसेंबर १९५० ला त्याची एक बाजू बंद पडली, पण क्लच सुटलाच नाही. चालू इंजिन बंद इंजिनाला ओढत बसलं, विमान पडलं, वैमानिक गेला. मग क्लच आपोआप सुटायची सोय केली. तरी १९५४ ला गिअरबॉक्स फुटला, पंखे निखळून गेले. पायलटनं विमान सुखरूप उतरवलं ही त्याची कमाल. यात पंख्याचा काय दोष?

गंगावेस
अण्णा, स्कायशार्कचं पाप थंडरस्क्रीचच्या खात्यावर कशाला? पंख्याचाच हिशेब करा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, परीघ साडेअकरा मीटर. टोकांचा वेग माख १.१८ (ध्वनीच्या १.१८ पट), म्हणजे सेकंदाला ४०० मीटर. त्यासाठी सेकंदाला ३५ फेरे लागतात. टोकाकडचा वीतभराहून जास्त भाग ध्वनीच्या पुढं.

आणि हे विमान उभं असतानासुद्धा! फेरे कायम तेवढेच, जोर कमी-जास्त करायचा तो पात्यांचा कोन बदलून. त्यामुळं जमिनीवरही शॉकवेव्ह (हवेतल्या धक्क्याच्या लाटा) निघतच राहायच्या. मेकॅनिकना मळमळायचं, टॉवरवाले रेडिओ सोडून दिव्याच्या खुणा करायचे. आवाज ४० किलोमीटरवर जायचा म्हणतात. उजळाईवाडीला सुरू केलं असतं तर जयसिंगपुरात कळलं असतं. गिअरबॉक्स सोन्याचा बसवला तरी हे थांबलं नसतं.

लेथवाला
आवाज मान्य. पण आवाजानं विमान फेल होत नाही, वापरायला नकोसं होतं. फरक आहे.

पंचगंगा घाट
दोघांनी रशियाकडं बघा की. त्यांच्या टीयू-९५ बॉम्बर विमानाच्या पहिल्या नमुन्यावरही जोड इंजिनंच होती. मे १९५३ ला त्यातल्या एकाचा गिअर फुटला, आग लागली, विमान कोसळलं. पुढच्या नमुन्याला त्यांनी एकसंध टर्बोप्रॉप लावलं, तेच पुढं एनके-१२. ते विमान आजही उडतंय. इथपर्यंत लेथवाल्यांचं खरं.

पण त्याचा पंखा बघा. ५.६ मीटर व्यास, मिनिटाला फक्त ७५० फेरे. टोक सेकंदाला २२० मीटर. म्हणजे जमिनीवर ध्वनीच्या बरंच आत. वर पूर्ण वेगात पुढची चाल मिळाली की मगच टोकं हद्द ओलांडतात. शिवाय चार-चार पात्यांचे दोन पंखे उलटसुलट फिरतात, त्यामुळं विमान एका अंगाला वळत नाही. थंडरस्क्रीचला एकच पंखा, तीन पोलादी पाती. तो पीळ सावरायला डावीकडचं हवेचं तोंड फूटभर पुढं काढावं लागलं. ही ठिगळंच झाली.

गंगावेस
घाटवाले, हेच तर सांगतोय. रशियानं मोठा पंखा हळू फिरवला, अमेरिकेनं लहान पंखा पिसाळल्यासारखा.

लेथवाला
पण मुद्दाम! नौदलाला कॅटापल्टशिवाय (विमान ढकलून उडवणाऱ्या यंत्राशिवाय) जहाजावरनं उठणारं विमान हवं होतं. त्या काळची जेट थ्रॉटल दिल्यावर जोर पकडायला वेळ लावायची. पंख्याला फक्त कोन बदलायचा, जोर लगेच. ध्वनीच्या पुढं चालणारं पातं टिकतं का, हे बघायलाच तर ते बांधलं होतं. त्याला लांब शाफ्ट आणि जोड गिअरबॉक्स लावून परीक्षा घेतली, हीच चूक. नापास नक्की कोण झालं तेच कळेना.

गंगावेस
कळायची गरजच उरली नव्हती. मे १९५३ ला एफ-१०० हे जेट पहिल्याच उड्डाणात ध्वनीच्या पुढं गेलं. दोन वर्षांनी तुमचं हे पंखेवालं आलं आणि एकूण १२ वेळा उडालं. बहुतेक वेळा मधेच परत फिरून उतरावं लागलं.

लेथवाला
परत का फिरलं, ते बघा: कंपनं, शाफ्ट, हायड्रॉलिक, पुढचं चाक. एकदाही पातं तुटून नव्हे.