आज्ञापालन, आज्ञेत राहणे की नुसतं ऐकणे?

धागाकर्ती: आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघासाठी ‘प्रार्थना आणि आज्ञापालन’ या विषयावर चार पानं लिहायची आहेत. ‘आज्ञापालन’ लिहिलं की मलाच कवायतीच्या मैदानावर उभं राहिल्यासारखं वाटतं. शाळेत रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहून लिहून या शब्दाचा जीव गेलाय. घरात, रोजच्या बोलण्यात ख्रिस्ती माणसं यासाठी काय म्हणतात? आणि ‘प्रार्थना’ म्हणजे फक्त मागणं का?

नगरकर: आमच्या घरात आज्ञापालन फक्त रविवारी, तेही पाळकांच्या तोंडून. आजी म्हणायची, “देवाचं ऐकावं.” मला तर तेच मुळाला धरून वाटतं. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हटल्यावर कोणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. मराठीत ऐकणे म्हणजे कानावर पडणे आणि सांगितलेलं करणे, दोन्ही. हिब्रूतला ‘शमा’ असाच दुहेरी आहे. ‘हे इस्राएला, ऐक’ (बायबलमधलं ‘अनुवाद’ पुस्तक, 6:4) यातला ‘ऐक’ तोच.

1 शमुवेल 15 काढून बघा. शौल राजाला शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट करायला सांगितलं होतं. त्याने चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली आणि शमुवेल संदेष्टा आल्यावर म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरं ओरडताना कशी ऐकू येतात? शौल म्हणतो, ती यज्ञासाठी ठेवलीत. त्यावर ते प्रसिद्ध वाक्य येतं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. मराठीत जिथे ‘आज्ञा पाळणे’ आहे तिथे मूळ शब्द ‘शमा’च. सगळा प्रसंगच कानाभोवती फिरतो, आणि भाषांतरात नेमका तो कान गेला.

शब्दवेडा: ग्रीकमध्येही तेच. ‘अकूओ’ म्हणजे ऐकणे, त्याला ‘हुपो’ लागून ‘हुपअकूओ’ झालं की आज्ञा मानणे. वारा आणि समुद्रही याचं ऐकतात, असं शिष्य आश्चर्याने म्हणतात (मत्तय 8:27), तिथे हेच क्रियापद आहे, आणि तिथे मराठी बायबलनेही सरळ ‘ऐकतात’ घेतलंय. वाऱ्याने आज्ञापालन केलं असतं तर वाचकाला हसू आलं असतं.

वसईकर: सगळं मान्य, पण याकोबाच्या पत्रातल्या 1:22 चं काय करणार? वचनाप्रमाणे आचरण करणारे व्हा, केवळ ऐकणारे होऊ नका. तिथे ऐकणं हाच तर दोष ठरलाय. तरुणांना ‘ऐका’ म्हटलं तर ती ऐकतात हो, मान डोलावतात आणि मोबाइल काढतात.

शब्दवेडा: मुद्दा चांगला आहे, पण उत्तर मराठीच्या विभक्तीत आहे. ‘आईचं बोलणं ऐकलं’ आणि ‘आईचं ऐकलं’ यात काय फरक आहे ते बघा. पहिल्यात आवाज कानात शिरला, दुसऱ्यात सांगितलेलं काम झालं. कर्म काढून टाकून नुसती षष्ठी ठेवली की अर्थ आज्ञेकडे वळतो. याकोब ज्यांना झोडपतोय ते वचन ऐकणारे आहेत, वचनाचं ऐकणारे नाहीत. ‘ऐकून घेतलं’ हा आणखी वेगळा प्रकार, त्यात तर काहीच न करण्याची तयारी असते.

धागाकर्ती: हे भारीच आहे! मग इफिसकर 6:1 मध्ये ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ आहे, ते कुठे बसवायचं?

नगरकर: तो वाक्प्रचार मला फार आवडतो. ‘पाळणे’ एकेका आज्ञेचं असतं, ‘राहणे’ सकाळपासून रात्रीपर्यंतचं. धाकात राहणे, मर्यादेत राहणे, त्याच घराण्यातलं. तुमचा विषय रोजचं जगणं असेल तर हा वापराच.

जाता जाता, पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं जे भाषांतर केलं, त्यामागेही कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी सोपी मराठी हवी, हीच तळमळ होती. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, 1924 मध्ये केडगावहून निघालं.

संस्कृतप्रेमी: ‘शुश्रूषा’ कोणीच आणला नाही? ‘श्रु’ धातूचं इच्छार्थक रूप, म्हणजे ऐकण्याची इच्छा. तिथून आज्ञेत असणं, मग सेवा, आणि आज आपल्यापुरती रुग्णशुश्रूषा. ऐकण्यापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा सगळा रस्ता एका शब्दात आहे. डॉ. वानलेस यांनी मिरजेला 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, तिथे हा शब्द दोन्ही अर्थांनी शोभला असता.

वसईकर: प्रार्थनेबद्दल कोणी बोललंच नाही. धातूवर गेलात तर प्रार्थना म्हणजे विनंतीच, प्र + अर्थ. कोकणीत तर उघडच ‘मागणें’ म्हणतात. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पहिली मागणी भाकरीची नाही. तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझं राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि मग ‘आमची रोजची भाकर’. म्हणजे आधी त्याचं ऐकायचं, मग आपलं सांगायचं. (ग्रीकमध्ये नुसती ‘आर्तोस’ आहे. भाकर केली ती मराठीने, आणि आमच्याकडे ती तांदळाची.)

वापरातला एक फरक तुमच्या चार पानांत नक्की सांभाळा. ठरलेले शब्द असतील तर प्रार्थना ‘म्हणतात’, आपल्या शब्दांत असेल तर ‘करतात’. ‘आम्हाला प्रार्थनेत आठवा’ म्हणतो तेव्हा तर मागणं आपल्यासाठी नसतंच.

नगरकर: आमच्याकडे ‘प्रार्थना चालवणे’ही आहे. घरगुती प्रार्थनेत कोणीतरी चालवतो, बाकीचे आमेन म्हणतात. काही जण इतकी लांबवतात की चहा थंड होतो.

धागाकर्ती: मग शीर्षक ‘देवाचं ऐकणं’ ठेवते. आत ‘आज्ञेत राहणे’ वापरते आणि आज्ञापालन काढूनच टाकते.

संस्कृतप्रेमी: काढू नका. फिलिप्पैकर 2:8 मध्ये ख्रिस्ताने वधस्तंभावरचं मरण सोसण्यापर्यंत आज्ञापालन केलं असं आहे. तिथे ‘ऐकलं’ घालून बघा, वाक्य हलकं होतं. मरणापर्यंत जाणाऱ्या गोष्टीला तो जड शब्दच पेलतो.

नगरकर: मला नाही पटत. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणणाऱ्या मुलाने बापाचं ऐकलं, यात हलकं काय आहे?

धागाकर्ती: त्या एका वचनापुरता ठेवते. छापील बायबलमध्ये आहे तसंच उतरवायचंय, नाहीतर पाळक पहिल्याच पानावर लाल शाई फिरवतील.