‘गिली हॉपकिन्स’ मुलांसोबत वाचायची आहे : फॉस्टर केअर, ते कार्ड आणि शेवट

तिठा :
शनिवारच्या वाचनगटात (पाचवी ते सातवी, १४ मुलं) कॅथरिन पॅटरसनची ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ घ्यायचं ठरलंय (आईपासून दुरावलेल्या, फॉस्टर केअरमध्ये घरं बदलत राहिलेल्या अमेरिकन मुलीची कादंबरी). वाचन इंग्रजीतून, गप्पा मराठीत. फॉस्टर केअर मराठीत कसं सांगायचं? गिलीचं वर्णद्वेषी वागणं गाळायचं की ठेवायचं? आणि शेवटाला मुलं रुसणार हे नक्की, तेव्हा काय करायचं? साधारण किती बैठका लागतील तेही सांगा.

पानगळ :
पहिल्याच दिवशी ‘दत्तक’ आणि ‘सावत्र’ हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहून त्यांवर काट मारा. नाहीतर मुलं ट्रॉटरबाईंना (गिली ज्यांच्या घरी ठेवलेली असते त्या) शेवटपर्यंत सावत्र आई समजतात आणि ती कधी छळायला लागते याची वाट बघत बसतात. दत्तक म्हणजे कायमचं, कायद्याने नातं बदलतं. फॉस्टरमध्ये मूल सरकारच्या जबाबदारीवर असतं, दुसरं कुटुंब ते सांभाळतं, त्यासाठी ठरावीक भत्ता मिळतो आणि मुक्काम कधीही हलू शकतो. मी ‘सांभाळणारं घर’ म्हणेन. सरकारी मराठीत ‘प्रतिपालकत्व’ आहे, पण तो शब्द ऐकून सहावीतलं पोर जांभई देईल.

गिली ११ वर्षांची. तीन वर्षांच्या आत हे तिचं तिसरं घर. आधीच्यांपैकी डिक्सन कुटुंब फ्लोरिडाला गेलं आणि हिला मागे ठेवून गेलं. हे आधी समजलं की पहिल्या प्रकरणात ती गाडीच्या दाराच्या मुठीखाली च्युइंगगम का चिकटवते ते वेगळं समजवावं लागत नाही.

कोणी विचारलंच, ‘आपल्याकडे असं असतं का?’ तर उत्तर हो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४. आदेश बालकल्याण समिती देते, आणि समितीला योग्य वाटलं तर जन्मदाते मूल भेटायला येऊ शकतात. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला मूल दत्तक घेता येतं, आधी ही अट पाच वर्षांची होती. महाराष्ट्रातली बाल संगोपन योजना यात मिसळू नका. तिचा लाभ बहुतेक वेळा एकल पालकाकडे किंवा नातेवाइकांकडेच राहणाऱ्या मुलांना मिळतो.

शेवंती_७ :
गाळू नका. सहाव्या प्रकरणात गिली मिस हॅरिस या तिच्या कृष्णवर्णीय शिक्षिकेसाठी स्वतः कार्ड बनवते, तोच पुस्तकाचा कणा आहे. मात्र एक अडचण आधी बघून ठेवा. त्या कार्डावर शिवी लिहिलेलीच नाही! ओळीचं यमक असं आहे की वाचणाऱ्याच्या डोक्यात ती आपोआप पूर्ण होते, आणि कार्ड उघडलं की आत भलतंच वाक्य. आपल्या मुलांना ते यमक सुचणार नाही, मग ‘यात वाईट काय?’ हा प्रश्न येणारच. ‘काळ्या लोकांना हिणवायला वापरायचे तो शब्द’ एवढं सांगा आणि पुढे चला. यमक जुळवायला कोणाला लावू नका, घरी जाऊन तोच शब्द घोकत बसतील.

खरी चर्चा बाईंच्या उत्तरावर घ्या. त्या ओरडत नाहीत, मुख्याध्यापकांकडे नेत नाहीत. शाळा सुटल्यावर थांबवून सांगतात की आपण दोघी सारख्या, दोघी रागावलेल्या. गिलीचा डाव तिथे फसतो. आपल्याकडे वर्गात ‘काळी’ म्हणून चिडवणं चालतंच, तो धागा मुलं स्वतःच ओढतील, तुम्ही घाई करू नका.

बैठका सहा. प्रकरणं १५ आहेत : १–३, ४–६, ७–९, १०–१२, १३–१४ आणि शेवटचं एकटं. आठव्यावर (ती चोरलेले पैसे घेऊन पळते) थांबलात तर मुलं आठवडाभर गिलीला चोर म्हणून डोक्यात ठेवतात. नववं त्याच दिवशी वाचा, त्यात ती ट्रॉटरबाईंकडेच राहणाऱ्या सात वर्षांच्या विल्यम अर्नेस्टला मार परतवायला शिकवते.

माजघर :
शेवटाची तयारी मध्यावरच करावी लागते. आईला लिहिलेल्या पत्रात गिली ट्रॉटरच्या घराबद्दल वाट्टेल ते ठोकून देते. त्या पत्राची प्रत प्रत्येकाच्या हाती द्या. खऱ्या वाक्यावर बरोबरची खूण, थापेवर फुली, आणि कागद वहीत चिकटवून ठेवायचा. दहाव्या प्रकरणात त्या पत्रामुळेच गिलीची आजी दारात उभी राहते (आपल्याला नात आहे हेही तिला माहीत नव्हतं) तेव्हा तो कागद बाहेर काढा. मग शेवट (गिलीला ट्रॉटरचं घर सोडून आजीकडे जावं लागतं) ‘लेखिकेने दुष्टपणा केला’ असा वाटत नाही. गिलीनेच पाठवलेलं पत्र आहे ते, फक्त ती सुधारल्यानंतर त्याचं उत्तर आलं.

तुलनेला यशोदा पटकन सुचते, पण ती इथे बसत नाही. कृष्ण आपला नाही हे यशोदेला ठाऊकच नाही. कर्ण घ्या. कुंती समोर येऊन सांगते तरी तो स्वतःला राधेय म्हणवतो. गिलीला मात्र कर्णासारखं नकार देण्याची सोय नाही, कारण ठरवणारे मोठे आहेत. आई विमानतळावर येते तीही आजीने पैसे दिले म्हणून. त्यानंतर गिली ट्रॉटरला करते तो फोन मोठ्याने, न थांबता वाचा. लगेच प्रश्न विचारू नका, पाच मिनिटं जाऊ द्या.

पानगळ :
एक राहिलं. ‘तुझी आई तुला सोडून गेली तर?’ हा प्रश्न आणि वंशवृक्षाचा उपक्रम, दोन्ही टाळा. १४ जणांत एखादं दत्तक मूल असू शकतं आणि तुम्हाला कोणी सांगितलेलं नसेल. बालगृहातली मुलं गटात येत असतील तर त्यांचं नाव किंवा फोटो कुठेही टाकू नका, कलम ७४ खाली तो गुन्हा आहे.

तिठा :
वंशवृक्षाचे तक्ते छापून आणले होते. मागची बाजू कोरी आहे, पत्र तिथे छापते. आणि यशोदा टिपणातून खोडली.