अनुभव धागा: ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन) तुमच्या हातात कोणी दिला?

शाकारणीचे, म्हणजे पावसाआधी छपरावरची कौलं नीट करायचे दिवस आहेत, म्हणून हा धागा आत्ताच काढते. आपल्याकडे गरजवंताचं घर वाडीने मिळून उभं करायची रीत जुनी आहे. त्यात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं एक पैसा न घेता, पोरांना हाताशी धरून उतरतात. ती काय शिकवतात आणि कसं शिकवतात, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय. शिकवणारे असाल तर तुम्हीही लिहा. कामाचे बारकावे गाळू नका, ते बहुतेक कुठे लिहूनच ठेवलेले नाहीत.

आधी माझा अनुभव. दापोली तालुका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीमुळे मुंबईची पोरं गावातच होती. वाडीतल्या एका काकूंचं घर आधी उभं करायचं ठरलं, कारण त्यांना कोणीच नव्हतं. आम्ही लगेच शिड्या लावल्या, तर तात्यांनी उतरवल्या. तात्या म्हणजे आमच्या वाडीतले बहात्तर वर्षांचे सुतार, काम सोडून आठ वर्षं झालेली. म्हणाले, "दोन दिवस कशाला हात लावायचा नाही. वाडी फिरा. कुणाचं छप्पर राहिलं आणि का राहिलं, ते मला येऊन सांगा."

मला तेव्हा रागच आला होता. वर ताडपत्री, खाली चिखल, आणि आम्ही फिरायचं? पण फिरलो. चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतार असलेली छपरं बरीचशी टिकली होती, दोनच बाजूंना उतार असलेल्या दुपाखींची त्रिकोणी बाजू वाऱ्याने आत ढकललेली. ज्यांच्या पडवीचं छप्पर घराच्या छपरालाच सलग जोडलेलं, तिथे वारा पडवीत खालून शिरून सगळंच उचलून घेऊन गेला होता. काकूंच्या पडवीचे वासे आम्ही वेगळे बसवले ते हे बघून. तात्यांनी नुसतं सांगितलं असतं तर त्यांची पाठ वळताच आम्ही सोपं ते केलं असतं.

मग कौलं. पडलेल्या ढिगातली निम्मी तरी वाचवायची होती, नवी घ्यायला पैसे कुठे होते! तात्या खाली पाटावर बसले. प्रत्येक कौल हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजलं ते उजवीकडे, बद्द वाजलं ते डावीकडे. बद्द म्हणजे तडा, डोळ्यांना दिसो न दिसो. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि आम्हाला वाजवायला लावलं. आमची चूक झाली की नुसती मान हलवायचे. शाकारणीला मी आजही तसंच करते.

मालवणजवळून

आमच्याकडे तौक्ते वादळ, मे २०२१. मी बारावी झालेलो, कामधंदा नाही. गावातले एक निवृत्त गवंडी आजोबा शेजारच्या मच्छीमार काकांचं घर बांधायला उभे राहिले आणि मला हाक मारली. जोत्याची पातळी मी डोळ्याने बघून "बरोबर आहे" म्हटलं. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं. दुसऱ्या कोपऱ्यात दोन बोटं फरक! म्हणाले, "झिला, डोळो फसता, पाणी फसणा नाय." नंतर काटकोनासाठी दोरी: एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसरीला ४ वर, तिरकं अंतर बरोबर ५ आलं पाहिजे. शाळेत हे प्रमेय मी पाठ केलं होतं, पण ते कशाला लागतं हे त्या जोत्यावर कळलं. आता मी गवंडीकामच करतो.

राजापूर

एकच गोष्ट सांगतो. चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, कोरडा लावायचा नाही. जांभा सांध्यात भरलेल्या मालातलं पाणी पिऊन टाकतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. आमच्या अण्णांनी दोन थर झाल्यावर भिंत उतरवायला लावली, तीही घरातली बाई पाण्याची कळशी घेऊन उभी असताना. तेव्हापासून आधी चिरे भिजवतो, मग थापी हातात घेतो.

चिपळूण, निवृत्त शिक्षक

मी शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी घरं दुरुस्त करायला जात होतो, बरोबर कॉलेजची मुलं. एका मुलाने माल जास्त कालवून ठेवला, तो वाळून फुकट गेला. मी घरमालकासमोर त्याला फार बोललो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "सर, चुकलं ते सांगा. पण ज्यांचं घर वाहून गेलं त्यांच्यासमोर नको. त्यांना वाटतं आपलं नुकसान करायला आलेत."

छत्तीस वर्षं वर्गात काढून हे मला कळलं नव्हतं. माझ्या बोलण्याने त्या कुटुंबाला किती ओशाळं वाटलं असेल, याचा विचारच मी केला नव्हता. तेव्हापासून चूक दिसली की मुलाला बाजूला नेतो. तो मुलगा परत आला. नव्या जोत्याची उंची भिंतीवरच्या पुराच्या खुणेवरून त्यानेच काढून दिली.

अलिबाग तालुका

भिंतीआधी कागद उभे करावे लागतात, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी कारकून होते, आता निवृत्त. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात घराला १,२०,००० रुपये अनुदान मिळत आलं, वर रोजगार हमी योजनेतून ९० दिवसांची मजुरी. पैसे हप्त्यांनी येतात, प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवावा लागतो. जोतं होऊन फोटो अडला की पुढचा हप्ता अडतो, आणि अर्धी भिंत पावसात उभी राहते. आमच्याकडच्या कातकरी वाडीत आदिवासींसाठी २०२३ ला सुरू झालेल्या जनमन योजनेतून घराला २ लाख मंजूर झाले, पण आधारवरचं नाव एक आणि बँकेतलं दुसरं.

वाडीतल्या दोन मुली मी सोबत घेतल्या. सामाईक सातबारा कसा वाचायचा, मुंबईतल्या भावकीची संमती कशी लिहून घ्यायची, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी का सोडायची नाही, हे सगळं त्यांच्याकडून स्वतः करून घेतलं. पहिल्यांदा साहेबांसमोर त्यांचा आवाज फुटेना. मी मुद्दाम बाहेर बाकावर बसून राहिले. फार जड गेलं ते बसणं. आता वाडीतल्या बाया कागद घेऊन त्या मुलींकडे जातात. माझ्याकडे कोणी येत नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

पुन्हा धागाकर्ती

सगळं वाचलं. राजापूरकर, चिरे किती वेळ भिजवता? आमच्याकडे नुसतं वरून पाणी मारतात.

राजापूर

पिंपात बुडवतो. बुडबुडे थांबले की काढायचा.

धागाकर्ती

करून बघते. येत्या रविवारी वाडीतल्या एका मावशींच्या घराचे वासे चढवायचेत. वर आम्ही पाचजण. तात्यांना आता नीट दिसत नाही, पण कौलं वाजवायला येणार म्हणालेत. दापोलीच्या आसपास कोणी असेल तर सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, बसवायचंय.