पणजोबांनी लढाईत बनवलेली लाकडी फोटोफ्रेम, भुंगा लागलाय. पुण्यात जपून दुरुस्त करणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी, जरा घाईने मदत हवी आहे.

माझ्या आजीचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीला गेले. आजी सांगते की तिसऱ्या बटालियनमधे, म्हणजे नाईक यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तीच. घरून पोस्टाने आलेला बायकोचा फोटो, मांडीवर तान्ही आजी, तो ठेवायला त्यांनी तिकडेच ही फ्रेम केली. खोक्याची फळी आहे, मागे छापलेली अर्धी इंग्रजी अक्षरं अजून दिसतात, त्याखाली पेन्सिलीने "इटली १९४४". वरच्या कोपऱ्यात चाकूने कोरलेला बिगुल, त्याची एक बाजू घसरलीये ती पुन्हा नीट करायचा प्रयत्न केलेला कळतो. मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आता अडचण. लाकडाला बारीक भोकं पडलीत आणि फ्रेम हलवली की पिठासारखा भुसा पडतो. आमच्या भागातल्या एका फ्रेमवाल्याकडे नेली तर त्याने विचारायच्या आधीच पुढची "काच" स्पिरिटने पुसली, ती काच नाहीच, विमानांना वापरायचे तसलं जाड अ‍ॅक्रिलिक आहे, त्यावर लगेच केसासारख्या चिरा उमटल्या!! वर म्हणतो रंधा मारून मेलामाइन पॉलिश करून देतो एकदम नवी दिसेल. मी तशीच उचलून घरी आणली.

फोटो एका बाजूने त्या प्लास्टिकला चिकटलाय, नेमका पणजीच्या गालाजवळ, म्हणून ओढून बघितलेलं नाही. सध्या फ्रेम झिपच्या पिशवीत, बाकी लाकडी सामानापासून लांब ठेवलीये. सगळे रॉकेल पाजा म्हणतात पण आत फोटो असताना मला धीर होत नाही.

तर फोटो न काढता भुंगा मारता येतो का? आणि चिकटलेला फोटो सोडवणारं, म्युझियमच्या वस्तूंवर काम केलेलं कुणी पुण्यात माहितीये का? खर्च होऊ दे, पण चाकूच्या खुणा आणि ती पेन्सिल जाता कामा नये.

अजून एक, सैनिकाच्या जुन्या नोंदींसाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कुणी केलाय का? पणजोबांच्या डिस्चार्ज बुकावरचा (फौजेतून सुटताना मिळतं ते) त्यांचा नंबर अर्धाच वाचता येतो, त्यावर चालतं का?

कोथरूड, कॅम्प, हडपसर कुठेही स्वतः घेऊन येईन, कुरिअरने मात्र पाठवणार नाही.