दुष्काळातली शाळा: पंडिता रमाबाईंकडून शिक्षकांनी काय घ्यावं?

प्रश्न: आमच्या मिशन शाळेत 'सेवक म्हणून शिक्षक' यावर तासाभराचं सत्र आहे. बायबलमधल्या योहान १३ मधलं, येशूने शिष्यांचे पाय धुणं सगळ्यांना ठाऊक आहे. संकटकाळातलं आपल्याकडचं उदाहरण सुचवाल का?

उत्तर १: समाजसुधारक पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर सोय केली; तीच पुढे 'मुक्ती' ही संस्था झाली. तिथे अन्न-निवाऱ्याबरोबर अक्षरं आणि हाताला कामही मिळालं: विणकाम, शेती, छपाई.

उत्तर २: 'मुक्ती'त थोरल्या मुलीही धाकट्यांना सांभाळत, शिकवत. माझ्या मते हाच भाग सर्वांत मोलाचा. बऱ्याच शाळांत सगळा भार मुख्याध्यापक एकटेच ओढतात. ते आजारी पडले की काम ठप्प. सत्रात प्रत्येक शिक्षकाला तीन मुलं निवडायला सांगा: सतत गैरहजर, उपाशी येणारं, फी थकलेलं. वहीत प्रत्येक मुलाच्या नावासमोर एक काम आणि वार लिहायचा. 'लक्ष देईन' असं मोघम नको. पंधरा दिवसांनी वही पुन्हा उघडा.

उत्तर ३: मदत वर्गासमोर देऊ नका; बायबलमधलं मत्तय ६ वाचा, दान गुप्तपणे करा असं तिथे सांगितलं आहे. मूल लाजलं की शाळाच टाळतं. आणि मदतीला प्रार्थनेची अट कधीच नको.